उणे वीस की अधिक पंधरा?

शेतीला सरकार किती आधार देतं हे मोजणं माझं काम आहे. पंधरा वर्षं झाली. देशोदेशीची आयात शुल्कं, अनुदानं, कोटे, निर्यातबंदीचे आदेश गोळा करायचे, त्यांची टक्केवारी काढायची, ती मॉडेलमध्ये भरायची आणि अमुक धोरण उठवलं तर भाव, उत्पादन, उत्पन्न कुठे जाईल ते बघायचं. हे ऐकून लोकांना वाटतं की अवघड भाग मॉडेलचा असणार. खरं तर समीकरणं एकदा नीट बसली की आपापलं काम करत राहतात. माझी झोप जिने सगळ्यात जास्त वेळा उडवली ती पायरी त्याच्या खूप आधीची आहे. एका भावातून दुसरा भाव वजा करायचा, एवढीच ती पायरी.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका देशाच्या भाताचा हिशेब माझ्याकडे आला. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि बंदरावरचा निर्यातीचा भाव यांतली तफावत काढायची होती. मी काढली आणि मसुद्यात ठामपणे लिहिलं की इथल्या भात उत्पादकावर प्रचंड छुपा कर आहे, सरकार त्याचा भाव दाबून ठेवतंय. वाचताना मला त्या सरकारचा राग येत होता. वरिष्ठांनी मसुदा वाचला आणि एकच विचारलं, "यातला कुठला भाव भाताचा आणि कुठला तांदळाचा?"

तो हिशेब सोप्या आकड्यांत मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा, शेतावर टनभर भाताला २०० मिळतात आणि बंदरावर टनभर तांदळाला ३३०. सरळ वजाबाकी केली तर शेतकरी १३० ने मागे. मी हेच केलं होतं. पण टनभर भातातून टनभर तांदूळ निघत नाही. उतारा दोन तृतीयांश धरला तर बंदरावरचा भाव भाताच्या हिशेबात २२० होतो. तफावत उरली उणे २०. अजून भरडाईचा खर्च आहे, शेत ते गिरणी आणि गिरणी ते बंदर वाहतूक आहे, मधल्या व्यापाऱ्याचा वाजवी हिस्सा आहे. हे सगळं मिळून ३५ धरा. संदर्भ किंमत, म्हणजे शेतकऱ्याचा भाव ज्याच्याशी ताडून बघायचा ती, १८५ वर आली. आता शेतकऱ्याला जगाच्या भावापेक्षा १५ जास्त मिळतायत. ज्याच्यावर कर आहे असं मी लिहिलं होतं, त्याला प्रत्यक्षात आधार मिळत होता.

कोंडा आणि तूस विकून गिरणीला जे मिळतं ते यात धरलेलं नाही. ते धरलं तर आकडा पुन्हा थोडा खाली सरकतो.

वरिष्ठांनी मग दुसरा प्रश्न विचारला, "विनिमय दर कुठला घेतलास?" मी अधिकृत दर घेतला होता. त्या देशात चलन कृत्रिमरीत्या महाग ठेवलेलं होतं. समजा, ते दहा टक्क्यांनी महाग होतं. खऱ्या दराने ३३० चे ३६३ होतात, भाताच्या हिशेबात २४२, खर्च वजा जाता २०७. शेतकऱ्याला २०० मिळतात. म्हणजे पुन्हा उणे ७. एकच पीक, एकच वर्ष, तेच कागद, आणि चिन्ह दोनदा फिरलं. त्या संध्याकाळी माझ्या पोटात खरोखर खड्डा पडला होता. तो मसुदा तसाच पुढे गेला असता तर कुणीतरी त्याच्या आधारावर भाषण केलं असतं.

विनिमय दराची ही गोष्ट किरकोळ दुरुस्तीची नाही. ॲन क्रुगर, मॉरिस शिफ आणि अल्बर्टो वाल्देस यांनी १९८० च्या दशकात १८ विकसनशील देशांचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा होता की शेतीवर थेट लादलेल्या करांपेक्षा आडून बसणारा भार बहुतेक ठिकाणी मोठा होता. चलन महाग ठेवलं की निर्यात करणाऱ्याच्या हातात कमी पैसे पडतात. कारखानदारीला संरक्षण दिलं की शेतकऱ्याला अवजारं आणि कापड महाग मिळतं. शेती खात्याच्या एकाही आदेशात हे दिसत नाही. एका हाताने खतावर अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने, तेही दुसऱ्याच खात्यातून, त्याहून जास्त काढून घ्यायचं, असं वर्षानुवर्षं चालू शकतं आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

आधार मोजायची ही रीत टिम जोस्लिंग यांनी १९७० च्या दशकात अन्न व कृषी संघटनेसाठी मांडली. पुढे ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने, ती उचलली आणि १९८७ पासून देशवार आकडे प्रसिद्ध होऊ लागले. कल्पना साधी आहे. सीमेवरच्या भावापेक्षा देशातला भाव जितका वर तितका ग्राहकाने दिलेला आधार, आणि त्यात सरकारने तिजोरीतून दिलेले पैसे मिळवायचे. एकूण बेरीज शेतकऱ्याच्या ढोबळ प्राप्तीच्या टक्केवारीत सांगायची. १९८४ पासून अनुदानं काढून टाकणाऱ्या न्यूझीलंडचा आकडा आज एक टक्क्याच्या आतबाहेर असतो. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड वर्षानुवर्षं यादीच्या वरच्या टोकाला आहेत. मला या आकड्याबद्दल आदर आहे. त्याच्यामुळे आयात शुल्क, कोटा आणि रोख अनुदान या तीन वेगळ्या वेशांतल्या गोष्टी एका तराजूत तोलता आल्या.

पण जागतिक व्यापार संघटनेचा तराजू वेगळा आहे. बाहेर चर्चा करणारे बहुतेक लोक दोन्हींना एकच समजतात आणि तिथून घोळ सुरू होतो. १९९५ पासून लागू झालेल्या कृषी करारात बाजारभावाचा आधार मोजताना आजचा सीमेवरचा भाव घ्यायचाच नाही. १९८६ ते १९८८ या तीन वर्षांची सरासरी संदर्भ किंमत म्हणून गोठवलेली आहे. सरकारने जाहीर केलेला आधारभाव उणे ती गोठलेली किंमत, गुणिले त्या भावाला पात्र असलेलं उत्पादन. उत्पादन पात्र म्हणजे किती, यावरही भांडण झालं. कोरियाच्या गोमांसाच्या खटल्यात २००० साली अपील मंडळाने म्हटलं की प्रत्यक्ष खरेदी झाली तेवढंच पात्र असं नाही, खरेदीला जेवढं हक्कदार आहे तेवढं सगळं धरायचं.

या सूत्राने काय होतं, त्याचं जपानचं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. १९९७ साठी जपानने कळवलेला एकूण आधार ३,१७० अब्ज येनच्या आसपास होता. १९९८ साठी तो ७६६ अब्जांवर आला. एका वर्षात तीन चतुर्थांशांहून जास्त आधार नाहीसा! शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव तेवढा कोसळला नव्हता. तांदळाचा सरकारी आधारभाव कागदावरून काढून टाकला गेला होता. आधारभाव नाही म्हटल्यावर सूत्रात तफावत उरत नाही आणि आधार शून्य होतो. देशातला भाव उंच ठेवण्याचं काम सीमेवरची भिंत करतच होती. १९९९ मध्ये जपानने तांदळाच्या कोट्याबाहेरच्या आयातीवर किलोला सुमारे ३५० येन शुल्क लावलं, म्हणजे जगाच्या भावाच्या कित्येक पट. ओईसीडीच्या तराजूत हा सगळा आधार दिसत राहिला, जिनिव्हाच्या, म्हणजे व्यापार संघटनेच्या, तराजूतून तो गेला.

उलट टोकाला भारत आहे. ओईसीडी आणि दिल्लीतली संशोधन संस्था इक्रिअर यांच्या २०१८ च्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतीचा आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. खत, वीज, पाणी यांवरची अनुदानं धरून. निर्यातीवरचे निर्बंध आणि देशांतर्गत बाजारावरची बंधनं भाव इतका खाली ठेवत होती की अनुदानं त्यात बुडून गेली. आणि २०२० मध्ये याच भारताने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की २०१८-१९ साठी तांदळाच्या आधाराची, उत्पादनाच्या किमतीच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली आहे. उत्पादन ४३.६७ अब्ज डॉलरचं, आधार सुमारे ५ अब्ज डॉलरचा. २०१३ च्या बाली परिषदेतल्या शांतता कलमाचा आसरा तेव्हा घ्यावा लागला; मर्यादा ओलांडली तरी त्यावरून खटला भरायचा नाही, असं ते कलम. पहिला आकडा सगळ्या शेतीचा आहे, दुसरा फक्त तांदळाचा आणि नंतरच्या वर्षाचा, हे मान्य. तरी दोघांमधल्या अंतराचा मोठा भाग त्या गोठलेल्या किमतीतून येतो. तीस वर्षांची महागाई आधार म्हणून मोजली जाते. माझं मत स्पष्ट आहे. कराराचं बंधन पाळलं की नाही हे तपासायला हे सूत्र वापरा, ते तसंच लिहिलेलं आहे. शेतकऱ्याला खरंच किती मिळतं हे सांगायला ते वापरू नका.

मॉडेल मुळात लागतं ते 'हे नसतं तर काय झालं असतं' या प्रश्नासाठी. हा प्रश्न न्यायालयासारख्या ठिकाणी पोचला तो ब्राझीलच्या कापसाच्या खटल्यात. २००२ मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध तक्रार केली. कॅलिफोर्नियातले कृषी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल समनर यांनी ब्राझीलच्या बाजूने हिशेब मांडला. १९९९ ते २००२ या हंगामांत ही अनुदानं नसती तर कापसाचा जागतिक भाव सरासरी १२.६ टक्के वर असता, असं त्यांचं मॉडेल सांगत होतं. अमेरिकेने त्या मॉडेलची प्रत्येक लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किंवा पुरवठा किती हलतो ते सांगणारा आकडा, उलटीपालटी करून पाहिली. तरी निकाल मुख्यतः ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला, आणि शेवटी २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं.

त्या निकालातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. भाव पडला की वाढणारी अनुदानं आणि भावाशी संबंध नसलेली रोख रक्कम यांत मंडळाने फरक केला. पहिल्या प्रकाराने जागतिक भाव दाबला हे मान्य झालं, दुसऱ्याबाबत ते सिद्ध झालं नाही. युरोपने १९९२ च्या सुधारणांपासून आणि विशेषतः २००३ नंतर हीच दिशा धरली होती. भाव चढा ठेवण्याऐवजी पैसे थेट शेतकऱ्याला द्यायचे, मग तो काहीही पेरो. मॉडेलमध्ये अशी रक्कम आम्ही सहसा जमिनीला जोडतो. मग पिकाची निवड फारशी बदलत नाही आणि जमिनीचा खंड चढतो. पण एवढ्यावर भागत नाही. हातात खात्रीचे पैसे आले की माणूस जास्त जोखीम घेतो. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्याने रक्कम ठरवण्यासाठीचं जुनं क्षेत्र नव्याने नोंदवायची मुभा दिली. ज्या शेतकऱ्याला वाटतं की अशी मुभा पुन्हा मिळेल, तो आजच त्या पिकाखालचं क्षेत्र टिकवून ठेवणार. मग ती रक्कम पेरणीपासून सुटी कुठे राहिली? कागदावर हिरव्या पेटीत, म्हणजे व्यापार बिघडवत नाही म्हणून करारात मुभा असलेल्या यादीत, बसवलेलं अनुदान मॉडेलमध्ये किती हिरवं धरायचं, हे त्या शेतकऱ्याच्या मनात काय आहे यावर ठरतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

आयात शुल्कांची सरासरी हा आणखी एक सापळा. समजा, एका देशाने एका धान्यावर पाच टक्के शुल्क लावलं आणि दुसऱ्यावर तीनशे. तीनशे टक्क्यांमुळे दुसरं धान्य येतच नाही. आयातीच्या वजनाने सरासरी काढली तर उत्तर पाच टक्के. जी भिंत सगळ्यात उंच, तीच हिशेबातून गायब! जेम्स अँडरसन आणि पीटर नियरी यांनी यावर निर्देशांक सुचवले, त्यांत शुल्कांना आयातीचं वजन न देता त्यांनी होणाऱ्या नुकसानीचं वजन मिळतं. तरीही घाईच्या अहवालांत जुनी सरासरी आजही सर्रास भेटते. मला ती दिसली की मी पुढचं पान वाचत नाही, आधी मूळ शुल्कांची यादी मागवते.

जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींच्या दोहा फेरीच्या वेळी मी विद्यार्थिनी होते. जागतिक बँकेने २००३ मध्ये संपूर्ण मुक्त व्यापाराचा जागतिक लाभ ८३२ अब्ज डॉलर असल्याचं सांगितलं होतं. २००५ मध्ये बँकेचाच नवा आकडा आला, २८७ अब्ज. वर्गात कुणीतरी म्हणालं की ही विद्याच बोगस आहे. मला ते फार लागलं, कारण मी ती आयुष्यभरासाठी निवडत होते. मग मी दोन्ही अंदाज शेजारी ठेवून वाचले. मधल्या काळात पायाची आकडेवारी बदलली होती. अनेक देशांना मिळणारी सवलतीची शुल्कं आता धरली होती, तोवर झालेल्या कपाती धरल्या होत्या, म्हणजे काढून टाकायला शिल्लकच कमी होतं. आधीच्या आकड्यात व्यापारामुळे उत्पादकता वाढेल हे गृहीतही होतं. दोन्ही आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं होते. त्याच काळात किम अँडरसन, विल मार्टिन आणि एर्नेस्टो व्हॅलेंझ्युएला यांनी दाखवलं की शेतीतले अडथळे हटवण्याच्या जागतिक लाभापैकी ९३ टक्के आयात शुल्कांमधून येतो. सगळं राजकारण अनुदानांभोवती फिरत होतं, वर्तमानपत्रंही त्यांच्याच गोष्टी सांगत होती, आणि शुल्काचा बोजा ग्राहक गुपचूप वाहत होता.

लवचिकतांबद्दल थोडक्यात. पॉल आर्मिंग्टन यांनी १९६९ मध्ये मांडलं की एका देशाचा गहू आणि दुसऱ्याचा गहू खरेदीदाराला तंतोतंत एक वाटत नाही, आणि तेव्हापासून व्यापाराची बहुतेक मॉडेलं त्या गृहीतावर चालतात. ते कितपत वेगळे वाटतात हे सांगणारा एक आकडा असतो. तो दुप्पट केला की निकाल हलतो. म्हणून मी प्रत्येक निकाल तो आकडा निम्मा करून आणि दुप्पट करून पुन्हा काढते, आणि तिन्ही उत्तरं छापते. दोन वेळा मला एकच आकडा द्या असं सांगण्यात आलं. मी दिला नाही.

मॉडेलच्या एका गृहीताशी मात्र माझं आजही पटलेलं नाही. साध्या मांडणीत सगळ्यांना काम असतं. शुल्क उठवलं, पिकाचा भाव पडला, शेती सोडलेला माणूस त्याच गणितात दुसऱ्या धंद्यात जातो आणि त्याची मजुरी ठरते. मध्ये एकही दिवस रिकामा जात नाही. पन्नाशीचा माणूस, ज्याला एकच काम येतं, त्याचं काय, हे त्या समीकरणाला विचारताच येत नाही. आता मी शेतमजुरांसाठी वेगळी मांडणी चालवते, ज्यात मजुरी खाली अडकते आणि बेकारी वाढू शकते. बहुतेक वेळा एकूण लाभ कमी होतो, कधी तो उणे होतो. त्यावरून शुल्कं ठेवावीत असं मी म्हणत नाही. चढ्या भावाने आधार द्यायची रीत तशीही फार गळकी आहे. ओईसीडीच्या हिशेबात अशा आधाराचा जेमतेम चौथा हिस्सा शेतकऱ्याचं उत्पन्न म्हणून उरतो, बाकीचा बी-खतवाल्यांकडे, जमिनीच्या मालकांकडे आणि निव्वळ वाया जाण्यात जातो. पण ते शुल्क उठवताना त्या पन्नाशीच्या माणसासाठी काय ठेवलंय, हे त्याच तक्त्यात असायला हवं.

आणि सरकारं काही शुल्काचा दर धरून बसत नाहीत, ती देशातला भाव धरून बसतात. २००७-०८ मध्ये जगात भाव चढले तेव्हा निर्यातदारांनी दारं लावली, आयातदारांनी शुल्क उतरवलं. प्रत्येकाने आपल्यापुरतं बघितलं. विल मार्टिन आणि किम अँडरसन यांच्या हिशेबात त्या तेजीतल्या तांदळाच्या जागतिक भाववाढीपैकी सुमारे ४५ टक्के आणि गव्हाच्या जवळपास ३० टक्के वाढ अशा बचावात्मक धोरणांचीच होती. शांत वर्षाची सरासरी घेऊन बांधलेल्या मॉडेलला हे दिसत नाही. तेव्हापासून मी कुठलंही धोरण एका वर्षाच्या आकड्यावर तोलत नाही, चढतं वर्ष आणि पडतं वर्ष दोन्ही घेते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. तिला मी तोच भाताचा तक्ता दिला, आता दुसऱ्या देशाचा. माझ्या तक्त्यात प्रत्येक भावासमोर पाच रकाने असतात. कुठल्या रूपातला माल, कुठल्या ठिकाणचा भाव, कुठल्या महिन्यांचा, कुठल्या विनिमय दराने, आणि त्या वर्षी देश आयात करत होता की निर्यात. शेवटचा रकाना बरेच जण विसरतात. निर्यात होत असेल तर बंदरापर्यंतचा खर्च संदर्भ किमतीतून वजा होतो. आयात होत असेल तर परदेशी मालाला बंदरातून शहरापर्यंत यायला लागणारा खर्च आधी मिळवावा लागतो, देशी माल त्याला तिथेच भेटतो.

तीन दिवसांनी ती आली. "मॅडम, सगळं झालंय. फक्त या एका भावाचं कळत नाही. भरडाईच्या आधीचा की नंतरचा, मूळ कागदात कुठेच लिहिलेलं नाही. आकड्यावरून भाताचाच वाटतोय. तसं धरू का?"

मी तिला तो रकाना रिकामा ठेवायला सांगितला. मग आम्ही दोघींनी बसून त्या देशाच्या सांख्यिकी खात्याला पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही, आणि अहवालात त्या पिकासमोर अजून ना अधिक आहे ना उणे.